गॉर्गन कार्बन साठवण प्रकल्प

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ, संरक्षित बॅरो बेटावर शेव्हरॉन कंपनी चालवत असलेला कार्बन डायऑक्साइड साठवण प्रकल्प. गॉर्गन क्षेत्रातील नैसर्गिक वायूत सुमारे १४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. वायूचे द्रवीकरण करण्यापूर्वी तो वेगळा काढावाच लागतो. हवेत न सोडता तो दोन किलोमीटरहून खोल वालुकाश्मात दाबून भरायचा आणि पहिल्या पाच वर्षांत त्यातला किमान ८० टक्के गाडायचा, या अटीवर प्रकल्पाला परवानगी मिळाली.

द्रवरूप वायूची निर्यात २०१६ मध्ये सुरू झाली. साठवण मात्र ऑगस्ट २०१९ मध्ये. पुढे खडकातील पाण्याचा दाब आणि विहिरींत अडकणारी वाळू यांमुळे भरण्याचा वेग घटवावा लागला. वर्षाला ४० लाख टनांपर्यंतची क्षमता कागदावरच राहिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने सुमारे ५२ लाख टनांची तूट मान्य करून ती कार्बन क्रेडिट विकत घेऊन भरून काढण्याचे जाहीर केले. त्याआधी, जुलै २०२१ मध्ये, शेजारच्या जान्झ-आयो क्षेत्रातून वायूचा उपसा टिकवण्यासाठीच्या अब्जावधी डॉलरच्या कामालाही तिने हिरवा कंदील दाखवला.

टीकेचा सर्वांत गंभीर मुद्दा याहून वेगळा आहे. येथे गाडला जातो तो केवळ विहिरीतून वायूबरोबर वर येणारा कार्बन डायऑक्साइड. एक टन द्रवरूप वायू जाळल्यावर सुमारे पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि गॉर्गनच्या द्रवीकरण प्रकल्पाची वार्षिक उत्पादनक्षमता १.५६ कोटी टन आहे. खरेदीदार देशांत होणारे हे उत्सर्जन साठवणीच्या हिशेबात येतच नाही. साठवण ठरल्याप्रमाणे चालली असती, तरी ते जसेच्या तसे राहिले असते.