परवाना गेल्यानंतरचे सरकार : प्रस्तावना

ताथवड्यातल्या एखाद्या गटाचा सातबारा काढून मागचे फेरफार वाचत गेले, की आपल्या प्रशासनाची स्थित्यंतरे एकेक करून समोर येतात. २००९ पर्यंत मुळशी तालुक्यातल्या या गावाचा कारभार ग्रामपंचायत पाहत होती. घराच्या उताऱ्यासाठी ग्रामसेवक, जमिनीच्या नोंदीसाठी तलाठी, बिगरशेतीसाठी महसूल खाते, अशी लोकांची ये-जा असे. त्या वर्षी गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. आता त्याच गटावर इमारत उभी राहायची तर बांधकाम परवानगी महापालिका देते, प्रकल्पाची नोंदणी २०१७ पासून महारेरा या स्थावर मालमत्ता नियामकाकडे करावी लागते आणि तिथल्या विजेचा दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. तलाठी तर आहेच.

उदारीकरण आणि नोकरशाही या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाने सुरुवात इथूनच करावी. २४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग वगळता बाकीच्यांची परवान्याची अट उठवली. त्याआधी आकुर्डीत बनणाऱ्या बजाजच्या स्कूटरसाठी ग्राहक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत, कारण किती स्कूटर बनवायच्या हे दिल्लीचा परवाना ठरवी. परवाना गेला की सरकार आटोपशीर होईल, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. प्रत्यक्षात सरकारचे काम बदलले आणि अधिक अवघड झाले.

पिंपरी-चिंचवडच्या या पट्ट्यात सरकारने १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्वतः काढला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने (एमआयडीसी) उद्योगांसाठी जमीन, पाणी, रस्ते पुरवले. १९९१ नंतर चाकणला परदेशी मोटार कंपन्या आल्या, हिंजवडीला आयटी पार्क झाले आणि राज्याराज्यांत गुंतवणुकीसाठी चढाओढ लागली. एके काळी उद्योजकाला अडवू शकणारा अधिकारी आता त्याला बोलावू लागला. त्याच वेळी ज्याची जमीन जाते त्या शेतकऱ्याला मोजणी, नोटीस आणि मोबदल्यासाठी याच यंत्रणेपुढे उभे राहावे लागले. दोघांनाही एकाच तत्परतेने न्याय मिळतो का, हा या अभ्यासशाखेचा कळीचा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न क्षमतेचा. राज्य वीज मंडळाने १९९३ मध्ये बहुराष्ट्रीय मालकीच्या दाभोळ वीज कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. दर डॉलरशी बांधलेला होता आणि वीज उचलली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यावेच लागणार होते. २००१ मध्ये माधव गोडबोले समितीने या निर्णयप्रक्रियेवर कठोर ताशेरे ओढले. बहुराष्ट्रीय कंपनीच्या वकिलांसमोर बसायला जे कौशल्य लागते, ते आपल्या यंत्रणेने वेळेत कमावले नव्हते. त्याची किंमत महाराष्ट्राने मोजली.

तिसरा प्रश्न स्वायत्ततेचा. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरांच्या स्वराज्याला घटनेचा आधार दिला. पिंपरी-चिंचवडची श्रीमंती जकातीवर उभी होती. एप्रिल २०१३ मध्ये जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर. नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा संपल्या, ही मोठी सोय झाली. पण स्वतः वसूल करण्याच्या उत्पन्नाऐवजी महापालिकेला राज्याच्या भरपाई अनुदानाकडे पाहावे लागू लागले. बाजार एकसंध करताना सत्ता वर सरकली.

मात्र प्रत्येक बदलाचे श्रेय किंवा खापर १९९१ च्या माथी मारू नये. माहितीचा अधिकार महाराष्ट्रात केंद्राच्या कायद्याआधी, २००२ मध्ये आला, तो जनआंदोलनाच्या रेट्यामुळे. बाह्ययंत्रणेमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द झाला, तोही लोकांच्या विरोधानंतर. नोकरशाही घडते ती बाजार, कायदा आणि नागरिक यांच्या ओढाताणीत.

समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर जरूर वाचा, कारण लिखित नियम आणि फाइल यांचे बळ त्याने नेमके ओळखले. पण त्याच्या जोडीला शासन निर्णय वाचा, महापालिकेचा अर्थसंकल्प वाचा, तलाठी कार्यालयात तासभर बसा, माहितीचा अर्ज करा. सरकार लहान असावे की मोठे, या वादात फार वर्षे गेली. ते सक्षम आणि उत्तरदायी कसे होईल, हे शोधायला अभ्यासक हवे आहेत. तुमचे या कामात मनापासून स्वागत आहे.