ईगलनेस्टची जुनी वाट

अरुणाचलात टेंगा खोऱ्यात पोस्टिंग असताना एका रविवारी ईगलनेस्ट अभयारण्यात पायी गेलो. लामा कॅम्पहून सकाळी निघून, सुमारे २,८०० मीटरवरची खिंड पाहून संध्याकाळी परतता येते.

पक्षीप्रेमींची ही वाट मुळात फौजेची. नावातला 'ईगल' म्हणजे चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड. १९६२ साली फुटहिल्सहून चाकूमार्गे बोमडिल्याकडे रसद याच रस्त्याने चढायची. नोव्हेंबरात बोमडिला पडले, आणि माघार घेणाऱ्या आपल्या जवानांवर चाकूला रात्री हल्ला झाला.

२००६ मध्ये 'बुगुन लिओसिक्ला' या नव्या पक्ष्याची नोंद इथूनच झाली. तो पाहायला जरूर जा. पण मित्रहो, खिंडीत थांबून त्या जवानांना एक सॅल्यूट कराच.