सांकेतिक दुव्यांची सुसंगतता

सांकेतिक दुवा किंवा सिमलिंक ही संगणकावरील अशी छोटी नोंद होय, जिच्यात दुसऱ्या फाइलचा वा फोल्डरचा केवळ पत्ता असतो. १९८३ साली ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत ती आली. लिनक्स व मॅकओएस यांतही तीच पद्धत आहे. दुवा पुसला तरी मूळ फाइलला धक्का लागत नाही. मूळ फाइलचे नाव बदलले तर मात्र दुवा जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतो. त्याला तुटलेला दुवा म्हणतात.

डेस्कटॉप प्रणालींतील रूपे

विंडोज ९५पासूनचा शॉर्टकट आणि मॅकवरील १९९१च्या सिस्टिम ७मधला एलियास यांना पुष्कळदा सिमलिंकच समजले जाते. ते बरोबर नाही. त्या साध्या फाइली असून युनिक्सची साधने त्यांचा अर्थ लावत नाहीत. एलियासचा एक गुण मात्र सिमलिंकमध्ये नाही : मूळ फाइल त्याच डिस्कवर हलवली तरी तो बहुधा तिला शोधून काढतो.

विंडोजमध्ये खरा सांकेतिक दुवा व्हिस्टापासून, एनटीएफएस या फाइलरचनेवर मिळतो. तो फाइलसाठी आहे की फोल्डरसाठी, हे करतानाच ठरवावे लागते. युनिक्समध्ये असा भेद नाही. शिवाय प्रशासकाचा अधिकार लागतो. २०१७पासून विंडोज १०च्या डेव्हलपर मोडमध्ये ही अट शिथिल झाली. सिगविनने दीर्घकाळ आपले दुवे विशिष्ट खूण असलेल्या साध्या फाइलींत साठवले. इतर विंडोज प्रोग्रामना ते उमगत नाहीत. दुवे करणे शक्य नसेल तेथे गिट पत्ता लिहिलेली मजकूर-फाइल ठेवते.

प्रत काढताना

खरे नुकसान येथे होते. पेनड्राइव्हवरील फॅट३२ व एक्सफॅट या रचनांत सिमलिंकची सोयच नाही. टार हे साधन, वेगळी सूचना न दिल्यास, दुवा दुवा म्हणूनच बांधते. पलीकडची फाइल गठ्ठ्यात येतेच असे नाही, आणि जुना संगणक पुसल्यावर ते कळून उपयोग नसतो. गठ्ठा दुसरीकडे न्यायचा असेल, तर दुव्यात पूर्ण पत्त्याऐवजी सापेक्ष पत्ता असणे श्रेयस्कर.

देवनागरी नावे

मराठी नावांत आणखी एक पेच आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी. डोळ्यांना फरक दिसत नाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस रचना फाइलचे नाव दुसऱ्या रूपात साठवते. दुव्यातील पत्ता मात्र लिहिला तसाच राहतो. मॅकवर दोन्ही रूपे समान मानली जात असल्याने अडचण येत नाही. हेच फोल्डर लिनक्सवर नेले, की तेथील एक्स्ट४ रचना सर्वसाधारणपणे नावे बाइट-बाइट ताडून पाहते. मग ‘दुसऱ्या सत्राचे गुण’ ही फाइल समोर दिसत असूनही तिचा दुवा तुटलेला ठरतो. लिनक्सवर ‘फाइंड’ या आज्ञेला ‘एक्सटाइप एल’ हा पर्याय दिल्यास असे सर्व दुवे यादीत मिळतात.