पब्लिक म्हणजे नेमकं कोण?

सभा कव्हर करून ऑफिसात आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "पब्लिक किती होतं?" नेता काय बोलला हे नंतर. आपण या शब्दाचं सरळ नामच करून टाकलंय. पब्लिक चिडलं, पब्लिक हुशार झालंय, पब्लिकनं धुतला. मूळ इंग्रजीत तो नाम म्हणूनही चालतो, पण त्याची खरी करामत दिसते ती विशेषण म्हणून. आणि या एका विशेषणावरून आपल्या महाराष्ट्रात एक खटला जवळजवळ दहा वर्षं चालला. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी सरकारी मराठी बघा. पब्लिक वर्क्स म्हणजे 'सार्वजनिक' बांधकाम. पब्लिक सर्व्हंट म्हणजे 'लोक'सेवक. पब्लिक इंटरेस्ट म्हणजे 'जन'हित. पब्लिक नोटीस म्हणजे 'जाहीर' सूचना. आणि पब्लिक प्रॉसिक्युटर? तो 'सरकारी' वकील! एकाच शब्दाला पाच प्रतिशब्द. यातला शेवटचा सगळ्यात बोलका आहे. पब्लिक म्हणजे लोक की सरकार, हा घोळ आपल्या भाषेतच मुरलाय. म्हणून तर रस्त्यावरच्या खड्ड्याला आपण "सरकारी काम आहे" म्हणतो, "आपलं काम आहे" म्हणत नाही.

इंग्रजांचाही घोळ कमी नाही. इंग्लंडमध्ये ईटनसारखी भरमसाट फी घेणारी खासगी शाळा 'पब्लिक स्कूल' म्हणवते. घरी शिक्षक ठेवून शिकवणं हे खासगी, आणि फी भरील त्या कुठल्याही गावच्या मुलाला घेणारी शाळा ती पब्लिक, असा तो जुना हिशेब. आपल्याकडे पत्र्याच्या शेडमधली शाळासुद्धा पब्लिक स्कूल झाली, ती या पाटीच्या वजनामुळे. दारूच्या गुत्त्याला ते पब्लिक हाऊस म्हणायचे, त्याचाच पुढे 'पब' झाला.

आपल्याकडे 'सार्वजनिक' हा शब्द राजकारणात ठसठशीत उभा राहिला तो 2 एप्रिल 1870 रोजी पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेमुळे. गणेश वासुदेव जोशी त्यात इतके रमले की लोक त्यांना 'सार्वजनिक काका'च म्हणू लागले. या सभेचा एक नियम मला फार आवडतो. सभासद व्हायचं तर किमान 50 माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. म्हणजे मी पब्लिकच्या वतीनं बोलतो म्हणायचं असेल, तर पब्लिक दाखव! आज हा नियम लावला तर आपल्या गावचे किती 'समाजसेवक' उरतील, ते तुम्हीच मोजा.

पण त्या सार्वजनिकमध्ये सगळे जन होते का? याचं उत्तर दोन वर्षं आधीच पुण्यातच मिळालं होतं. 1868 मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हौद खासगी, पण वापर सगळ्यांना. गावोगावी मात्र नेमकं उलटं होतं. विहीर गावाची, आणि वापर ठरावीक लोकांना.

आता येऊ महाडकडे. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनं ठराव करून चवदार तळं खुलं केलं. कागदावर. प्रत्यक्षात कुणाची हिंमत झाली नाही. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर आपल्या लोकांना घेऊन गेले आणि ते पाणी प्याले. परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. नंतर पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली, तेव्हा काही सवर्ण मंडळी कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं काय, तर हे तळं पब्लिक नाहीच. ते खासगी आहे, स्पृश्यांच्या वहिवाटीचं आहे. कोर्टानं तात्पुरता मनाई हुकूम दिला. परिषदेला गावात जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं दिली. म्हणजे बघा, गावाचं तळं खासगी ठरवलं जात होतं, आणि एका माणसाची खासगी जमीन सार्वजनिक कामाला येत होती.

खटला हायकोर्टापर्यंत गेला. 17 मार्च 1937 रोजी निकाल लागला. अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळापासूनची वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही. डॉ. आंबेडकर जिंकले. एका विशेषणाचा अर्थ कागदावरून पाण्यापर्यंत पोचायला एवढी वर्षं लागली.

पुढे राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांची यादी आली. सरकारी पैशातून पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या, किंवा जनतेच्या वापरासाठी दिलेल्या अशा जागी धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणाला अडवता येणार नाही. ती यादी वाचताना मला तरी महाड आठवतंच.

हाच शब्द सत्तेच्या हातातही चालतो. 1928 मध्ये इंग्रजांनी 'पब्लिक सेफ्टी बिल' आणलं. केंद्रीय कायदेमंडळात ते पडलं, तर पुन्हा आणलं. 8 एप्रिल 1929 ला अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल त्यावर निर्णय द्यायला उभे राहत असतानाच भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बॉम्ब टाकले. शेवटी व्हाइसरॉयनं वटहुकूम काढून काम भागवलं. नाव पब्लिकचं, भीती मात्र सरकारला वाटत होती. म्हणून कुठल्याही कायद्याच्या नावात 'जन' किंवा 'लोक' दिसलं की आतली कलमं वाचायची सवय लावून घ्या, सरकार कुणाचंही असो.

आता आपल्या गावाचं बोलू. लेआउटमधल्या ओपन स्पेसला कुंपण पडतं, गेटला कुलूप लागतं, चावी एकाच घरात असते. सार्वजनिक शौचालयाची पाटी असते, दार बंद असतं. सार्वजनिक वाचनालयाची निवडणूक कधी होते ते सभासदांनाच कळत नाही. यातलं काहीच जातीच्या नावानं होत नाही, हे खरं. पण युक्तिवाद तोच जुना आहे. "पूर्वीपासून आम्हीच वापरतो." वहिवाट!

उपाय साधा आहे. माहिती अधिकाराचा अर्ज, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. नगरपरिषदेकडे आपल्या लेआउटचा मंजूर नकाशा मागा. ओपन स्पेस किती, कुठं, कुणाच्या ताब्यात, हे लेखी घ्या. आधी कागद, मग भांडण. आपल्या वॉर्डात अशी कुलूपबंद 'पब्लिक' जागा कुठली आहे, ते खाली फक्त जागेच्या नावानं लिहा. माणसांची नावं नकोत, शिव्या नकोत. यादी झाली की अर्ज मी करतो. सोबत 50 सह्या मिळाल्या तर उत्तमच, सार्वजनिक सभेचा नियम आपल्यालाही लागू.