'शीळ' : एका तबकडीची कथा

आमच्या शहापूर-मुरबाडकडे भातलावणीचीं गाणीं शेतांतच जन्मतात नि शेतांतच विरतात. कर्त्याचें नांव कोणी विचारीत नाहीं. म्हणून 'शीळ' या गीताचें भाग्य मला नवलाचें वाटतें.

1930 नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत जी. एन. जोशी यांनीं तें हिज मास्टर्स व्हॉइसच्या तबकडीवर गाइलें. कवि ना. घ. देशपांडे, मेहकरचे वकील. जोशीहि कायदाच शिकलेले. (कायद्याच्या बाडांतून रानची शीळ कशी उमटली, देव जाणे!) तोंवर तबकड्यांवर राज्य नाट्यपदांचें. मिनिटास 78 फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटें मिळत. नाट्यपदाच्या आलापींना ती जागा अपुरी पडे. हें छोटें गीत मात्र तेवढ्यांत पुरें होई. शिवाय फोनो चावीवर चाले, त्यामुळें वीज नसलेल्या गांवींहि तें वाजूं शके. तबकडी अफाट खपली. मराठी भावगीताचें युग तिच्यापासून मोजतात.

जोशी 1938 सालीं त्याच कंपनींत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. कवीचा 'शीळ' हा संग्रह निघाला 1954 सालीं! गाणें घरोघर, पुस्तक वीस वर्षें मागें; हा हिशेब मला अजून जुळत नाहीं. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांस 1986 सालीं मिळाला, तोहि 'खूणगाठी' या निराळ्या संग्रहासाठीं.