फोटोत छेडछाड झाली का, आणि नेमकी कुठे? खुणा फाइलमध्येच असतात

मोबाईलवर फिरणारे बहुतेक फोटो जेपीजी प्रकारचे असतात. फाइल लहान व्हावी म्हणून यात फोटो कॉम्प्रेस होतो, म्हणजे दाबला जातो. या दाबण्याच्या खुणाच छेडछाड पकडायला कामी येतात.

खुणा कशा पडतात?

जेपीजीमध्ये फोटोचे ८ बाय ८, म्हणजे ६४ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोन आकड्यांत मांडून ते आकडे जवळच्या पटीत बसवले जातात. समजा, पट ५ ची आहे. मग १३ चे १५ होतात, २१ चे २०. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण फाइलमध्ये ५ च्या पटी राहतात.

आता कुणी त्यात दुसरा चेहरा किंवा झेंडा चिकटवून फोटो पुन्हा सेव्ह केला, तर मूळ भाग दोनदा दाबला जातो. चिकटवलेल्या भागाचा हिशोब वेगळा पडतो. त्याचे जुने चौकोनही बहुधा मूळ फोटोशी जुळत नाहीत. सॉफ्टवेअर एकेक चौकोन तपासून ही जागा दाखवते.

तपासण्याच्या पद्धती

१. एरर लेव्हल ॲनालिसिस: नील क्रॉवेट्झ यांनी २००७ मध्ये मांडलेली पद्धत. फोटो ठरावीक क्वालिटीवर पुन्हा सेव्ह करून दोन्हींतला फरक बघतात. वेगळा भाग उजळ दिसतो. पण अक्षरे आणि ठळक कडाही उजळतात, त्यामुळे उजळ दिसले म्हणजे खोटे ठरले, असे नाही.

२. जेपेग घोस्ट: हॅनी फरीद यांची २००९ मधली पद्धत. फोटो वेगवेगळ्या क्वालिटीवर सेव्ह करून पाहतात. एखादा भाग आधी कमी क्वालिटीवर सेव्ह झालेला असेल, तर त्या क्वालिटीवर तो वेगळा उठून दिसतो.

३. नक्कल शोधणे: त्याच फोटोतला तुकडा दुसरीकडे चिकटवला आहे का, हे बघणे. ऑगस्ट २००६ मध्ये रॉयटर्सने बैरुतचा एक फोटो मागे घेतला. त्यात धुराचे तेच तेच लोट उमटवून धूर दाट केला होता. त्यानंतर रॉयटर्सने त्या फोटोग्राफरचे ९२० फोटो विक्रीतून काढून टाकले.

मर्यादा लक्षात ठेवा

व्हॉट्सॲप फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवताना पुन्हा दाबते. स्क्रीनशॉटमध्येही मूळ खुणा पुसट होतात किंवा जातात. म्हणून दहा ग्रुप फिरून आलेल्या फोटोवरून छातीठोकपणे काही सांगता येत नाही. तपासायचेच असेल, तर ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. आपल्याच माणसावर खोट्या फोटोचा आळ आला, तर मूळ फाइल डिलीट करू नका; तीच पुरावा आहे.

आणखी एक बाब. जुना, खरा फोटो नव्या खोट्या मजकुरासह आला, तर यातली एकही पद्धत तो पकडणार नाही. त्यासाठी गुगल लेन्सवर फोटो टाकून तो आधी कुठे आला होता, ते बघावे. तहकीक होईपर्यंत फॉरवर्ड करू नका, आणि घरातल्या मुलांनाही हे समजावून सांगा.