तळटीप १४ : एक्झामेन

१४. एक्झामेन : येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी घालून दिलेल्या दैनंदिन आत्मपरीक्षणाच्या प्रार्थनेस ही लॅटिन संज्ञा असून, पोप तिसरे पॉल यांच्या मान्यतेने १५४८ मध्ये रोम येथे छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात तिचे पाच टप्पे सांगितले आहेत. साधकाने प्रथम मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार मानावेत, मग आपले दोष ओळखण्यासाठी कृपा मागावी, त्यानंतर उठल्यापासूनचा काळ तासातासाने आठवून आपले विचार, शब्द व कृती तपासाव्यात, चुकांची क्षमा मागावी आणि शेवटी सुधारणेचा निश्चय करावा, असा हा क्रम आहे. ही प्रार्थना वर्षभर करावयाची असली, तरी राखेच्या बुधवारापासून सुरू होणाऱ्या आणि रविवार वगळता चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या प्रार्थना, उपवास व दानधर्माच्या पर्वात, तिला विशेष महत्त्व येते, कारण अंतःकरणाचे परिवर्तन हाच या काळाचा हेतू आहे. आरंभ कृतज्ञतेने होत असल्यामुळे स्वयंपाक, शेती, बाजारहाट किंवा आजाऱ्याची शुश्रूषा करताना देव आपल्याजवळ होता, हे साधकाला दिवसाकडे वळून पाहताना उमगते. सर्व गोष्टींत देवाचा शोध घेण्याची जी शिकवण येशूसंघाच्या परंपरेत मध्यवर्ती मानली जाते, तिचा हा नित्याचा अभ्यास होय, आणि प्रस्तुत परिच्छेदातील ‘दिवस देवापुढे उलगडणे’ हा शब्दप्रयोग याच अर्थाने घ्यावयाचा आहे.